घंटेला सर्दी

१

मंगळवारी दुपारी आमच्या वाइडनरोट गावावर गारा पडल्या आणि मोठी घंटा वाजली नाही.

गारांचं नवल नाही. माइन नदीच्या काठी द्राक्षं लावायची तर दोन-तीन वर्षांतून एकदा त्या पडणारच. पण डोंगरामागून काळं आभाळ वर आलं की घंटेवाला फाइट चर्चच्या मनोऱ्यात धावतो, मोठी घंटा घणघणते, ढग फाटतात आणि गारा पाठवणारी चेटकीण आभाळातून खाली आपटते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याबद्दल सुगीला प्रत्येक घरातून फाइटला धान्याची एक पेंढी जाते. त्या दिवशी आम्ही सगळे दारात उभे राहून कान देऊन होतो. आधी टपोरे थेंब आले, मग बोराएवढ्या गारा, मग अंड्याएवढ्या. घंटेचा पत्ता नाही.

अर्ध्या तासात सगळे मळे नागडे झाले. फाइट मनोऱ्यातून खाली आला तो पांढराफटक पडून.

"लोलक नाही," तो म्हणाला. "घंटेची जीभच नाही. कुणीतरी काढून नेलीय."

हा लोलक म्हणजे चांगल्या पोसलेल्या डुकराच्या वजनाचा लोखंडी दांडा. मनोऱ्याच्या दाराचं कुलूप शाबूत होतं आणि त्याची एकुलती किल्ली फाइटच्या कमरेला. मग दांडा गेला कुठून? गर्दीत कुणीतरी "सैतान" म्हणालं. सैतानाला गावात बोलावलं कुणी, हे मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. सगळ्यांच्या माना एकदम ओटिलियाकडे वळल्या.

ओटिलियाला मी लहानपणापासून ओळखते. तिची जीभ म्हणजे मिरची. दोन वर्षांपूर्वी तिनं फाइटला पेंढी द्यायला चक्क नकार दिला होता. "तुझी घंटा ऐकून गारा थांबतात, हे गारांना कुणी सांगितलंय का?" असं भर रस्त्यात म्हणाली होती. आणि आता महिन्याभरापूर्वी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, मोठी घंटा वाजत असताना ती मळ्यात हसून म्हणाली, "अगंबाई, घंटेला सर्दी झाली वाटतं!" लोहार लीनहार्टनं ते ऐकलं होतं. आता सगळ्यांना ते एकदम आठवलं. घंटेला रोग लावला तिनं! शापच तो!

अंधार पडायच्या आत तिला द्राक्षं तुडवायच्या घराखालच्या तळघरात कोंडलं. गावप्रमुख एंड्रेसनं बिशपच्या शहराला पत्र धाडलं. शनिवारी गाडी येणार होती. त्या गाडीतून तीन वर्षांत आसपासच्या गावांतल्या एकोणीस बायका गेल्या. त्यातली एकही परत आली नाही.

मी अपोलोनिया. पिंपं बनवते. नवरा गेल्यावर धंदा मीच चालवते, आणि या गावाची वाइन माझ्या पिंपांत राहते म्हणून माझं तोंड थोडं ऐकून घेतात. बुधवारी सकाळी मी एंड्रेसच्या दारात जाऊन उभी राहिले.

"दोन साक्षीदारांनी शपथ घेतलीय," तो म्हणाला. "लीनहार्टनं शाप ऐकला. आणि फाइटनं सोमवारी ओटिलियाला मनोऱ्याच्या दाराशी बघितलं. कायद्याला दोन लागतात, माझ्याकडे दोन आहेत. आता तू मध्ये पडू नकोस, बाई."

"मला मनोरा बघायचाय."

एंड्रेस हसला. ओटिलियाच्या मळ्याला दिवसभर ऊन मिळतं आणि त्याच्या मळ्याला नाही, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ते हसू मला आवडलं नाही.

"जा की. फाइटकडून किल्ली घे, मी सांगितलंय म्हणून सांग. सैतानाच्या नखांचे ओरखडे दिसले तर मला बोलाव."

२

मनोऱ्यावर जाण्याआधी मी लोहाराकडे गेले. लोखंड चोरीला गेलं की आधी लोखंडवाल्याचंच तोंड बघावं, एवढी अक्कल मला आहे.

"मी चोरला म्हणतेस?" लीनहार्टनं भाता थांबवला. "अगं, तो लोलक माझ्या बापानं घडवलाय. त्याचा नांगर केला तरी दहा गावांतले लोहार ओळखतील. आणि उचलणार कसा? मनोऱ्याच्या जिन्यात माझे खांदे अडकतात."

ते खरं होतं. लीनहार्ट दारातूनही आडवा होऊनच येतो.

"मग कोण काढू शकतं?"

"तो चामड्याच्या पट्ट्यानं लटकतो. पट्ट्याला ही एवढी बक्कल. चोर असता तर चामडं कापून मोकळा झाला असता. काल मी वरच्या वळणावर अडकलो, तिथूनच मान वर घालून बघितलं. पट्टा जागेवर आहे, नुसता सुटलेला. बक्कल गंजलेली नाही, तेल दिलेली आहे." त्यानं घाम पुसला. "सैतान तेल देतो का गं, अपोलोनिया?"

"हे शपथेवर का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं ते सांगितलं. तिनं काय म्हटलं, एवढंच विचारलं." त्यानं नजर चुकवली आणि भाता पुन्हा जोरात ओढायला लागला.

तिथून तळघराकडे. जमिनीलगत एक गज लावलेली खिडकी आहे, तिच्यासमोर मी पालथी झोपले. आत ओटिलिया उलट्या टोपलीवर बसली होती. केस सुटलेले, नजर तीच.

"लोनी, तू माझ्यासाठी मातीत लोळतेस? आता मला खरंच वाटायला लागलं, मी मरणार म्हणून."

"थट्टा पुरे. त्या दिवशी घंटेबद्दल काय म्हणालीस ते नीट सांग."

"सर्दी झाली म्हणाले. झालीच होती! तू बाजाराला गेली होतीस म्हणून तुला माहीत नाही. नेहमी कशी घण्ण करून वाजते, डोंगरावरून परत येते. त्या दिवशी नुसती भद्द, भद्द. आईच्या फुटक्या पातेल्यावर पळी मारावी तशी. सगळे प्रार्थना पुटपुटत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. मी चढावर होते, मला ऐकू आलं. मला ऐकू आलं हाच माझा गुन्हा."

"आणि सोमवारी मनोऱ्याच्या दाराशी काय करत होतीस?"

"मी? सोमवारी मी दिवसभर वरच्या ओळी बांधत होते. फाइटकाकांनी असं सांगितलं?" ती पहिल्यांदाच अडखळली. "त्यांची मुलगी बार्बेल आजारी होती तेव्हा मी सूप नेऊन देत होते गं. ते असं का सांगतील?"

ते मलाही कळेना. मी उठले, झगा झटकला आणि कामाची मोगरी पट्ट्यात खोचून मनोऱ्याकडे निघाले.

३

फाइटनं किल्ली दिली, पण वर यायला तयार होईना. "खांदा," एवढंच म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, किल्ली त्यानं डाव्या हातानं दिली होती. पन्नास वर्षं दोर ओढलेला त्याचा उजवा हात अंगाला चिकटून राहिला होता.

वर गेले. लहान घंटा रोजच्या कामाची, ती सकाळ-दुपार वाजते. मोठी फक्त सणाला, मोठ्या माणसाच्या मयताला आणि गारांच्या आभाळाला. ती काळीभोर, माझ्याहून उंच, पोटात रिकामी. पट्टा खरंच नुसता सुटलेला, बक्कल तेलकट.

आणि वर पाकोळीचं घरटं होतं.

पाकोळ्या मनोऱ्यात असायच्याच. पण हे घरटं घंटेला धरून ठेवणाऱ्या फिरत्या तुळईला एका बाजूनं आणि बाहेरच्या पक्क्या चौकटीला दुसऱ्या बाजूनं चिकटवलेलं. आत चार पिवळ्या चोची वासून बसलेल्या. पाकोळ्या एप्रिलअखेर येतात. अंडी, उबवणं, पिल्लं एवढी मोठी होणं, सगळं हिशेबात घेतलं तर हे घरटं स्वर्गारोहणाच्या सणाआधीच बांधून झालेलं.

आता आमच्याकडे घंटा वाजवतात ती अख्खी झुलवून. दोर ओढला की तुळई फिरते, घंटा हेलकावे खाते आणि लोलक आपोआप तिच्या अंगावर आदळतो. तुळई एकदा जरी फिरली असती तरी ते घरटं दुभंगून पिल्लं-अंडी खाली पडली असती. म्हणजे सणाच्या दिवशी घंटा वाजली, पण हलली नव्हती.

मग मी दोर बघितला. त्याचं टोक तुळईच्या चाकाला बांधलेलं होतं, पण गाठ ताजी आणि चाकावर कोळ्याची जाळी. घंटेच्या खालच्या फळीवर मात्र दोरानं घासून एक खाच पडलेली, लोलक जिथं लटकत असेल त्याच्या बरोबर समोर. म्हणजे दोर थेट लोलकाला बांधून कुणीतरी तो उभ्या घंटेवर ओढून आपटत होतं. त्याला ताकद लागत नाही, एका हातानं जमतं. पण असं केलं की घाव दर वेळी एकाच जागी बसतो आणि घंटेला मागे सरायला वाव मिळत नाही. शिकाऊ घंटेवाल्याला पहिल्याच दिवशी कानफटात मारून हे सांगतात.

मी मोगरी काढली. पिंपाची फळी चिरलेली आहे की नाही हे मी डोळ्यांनी बघत नाही, ठोकून ऐकते. घंटेच्या ओठावर हलकेच ठोकलं.

भद्द.

बोट फिरवत गेले. खाचेच्या समोरच्या बाजूला, आतून, नखात अडकेल एवढी बारीक चीर होती, वीतभर लांब. सैतान कुठला नि काय! लोलक चोरणाऱ्याला लोखंड नकोच होतं. घंटा वाजू नये, वाजली तर फुटलीय हे कळेल, म्हणून तो काढला होता. दोन आठवड्यांमागच्या सणाला दोर कुजलाय म्हणून फक्त लहान घंटा वाजवली होती, तेही मला आठवलं.

जिना मी धावतच उतरले. भीतीनं नाही, संतापानं.

४

फाइट स्मशानाच्या कोपऱ्यातल्या हाडांच्या खोलीत होता. आमच्याकडे जागा अपुरी, म्हणून जुन्या थडग्यांतली हाडं काढून तिथे रचून ठेवतात. तो कवट्यांची एक रांग उगाच नीट करत होता.

"काका," मी म्हटलं, "लोलक या कवट्यांच्याच मागे लपवलाय ना?"

त्याच्या हातातली कवटी खाली पडली. ती उचलून त्यानं पुन्हा रांगेत ठेवली.

"गेल्या हिवाळ्यात खांदा गेला," तो शेवटी म्हणाला. "घंटा झुलवता येईना. एंड्रेसला सांगितलं असतं तर नवा माणूस आणला असता. घर चर्चचं आहे, अपोलोनिया. बार्बेलला घेऊन कुठे जाऊ? ती अंथरुणातून उठत नाही. वाटलं, दोर लोलकाला बांधून भागवू. सणाला वाजवली आणि कळलं, फुटली. ऐकूनच कळलं. चाळीस वर्षांपूर्वी मीच तिला बैलगाडीतून आणली होती."

"मग लोलक काढलात."

"एका हातानं, दोरखंडानं, पायरी पायरी उतरवत. पहाटेपर्यंत लागलं."

"आणि ओटिलिया?"

"मी नाव नाही घेतलं! लोक म्हणाले, ओटिलियाच. एंड्रेस म्हणाला, तू तिला मनोऱ्यापाशी बघितलं असशील. मी... नुसती मान हलवली."

मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून अजून राग आला. या म्हाताऱ्यानं मला लहानपणी घंटेच्या दोराला लटकू दिलं होतं.

"तुमच्या मान हलवण्यानं ती जळणार आहे. शनिवारी. तिनं तुमच्या पोरीला सूप भरवलं, आणि तुम्ही तिला त्या गाडीत बसवताय!"

"मी बोललो तर मला बसवतील."

ते खरंच होतं.

"परवा लिंडनच्या झाडाखाली गाव जमवते," मी म्हटलं. "घंटा फुटलीय हे मी सांगणार. का फुटली ते तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर काका, मी तुम्हाला जन्मभर काका म्हणणार नाही."

काय पण धमकी! पण त्या वेळी माझ्याजवळ दुसरी नव्हती.

५

शुक्रवारी दुपारी अख्खं गाव झाडाखाली होतं. मी एंड्रेसलाच मनोऱ्यावर नेलं, घरटं दाखवलं, घंटा ठोकून दाखवली. ते भद्द खाली सगळ्यांनी ऐकलं. खाली आल्यावर मी कुणाकडेही बोट दाखवलं नाही.

गर्दी दुभंगली आणि फाइट पुढे आला. टोपी डाव्या हातात.

"लोलक मी काढला," तो म्हणाला. "घंटा मी फोडली. ओटिलियाला मी कुठेही बघितलेलं नाही. माझी शपथ खोटी होती."

मग मागून एक बाई किंचाळली, "म्हणजे यानंच आमच्या मळ्यांवर गारा पाडल्या!"

"घंटा मुद्दाम मुकी केली!"

"सैतानाला हाच सामील आहे!"

दोन जणांनी त्याची गचांडी धरली. मी पेटले.

"हात काढा! शेजारच्या हासेलटाल गावातल्या मळ्यांचं काय झालं ते कुणी बघितलंय का? मी काल पिंपं घेऊन गेले होते. तिथं तीन घंटा आहेत, तिन्ही धडधाकट, तिन्ही शेवटपर्यंत वाजत होत्या. त्यांच्या वेली आपल्यापेक्षा नागड्या आहेत! घंटा वाजली तरी गारा, न वाजली तरी गारा. आता कुणाला जाळता?"

"त्यांच्याकडची चेटकीण जास्त जोरदार असेल," एंड्रेस म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. मला हताश वाटलं. अशा माणसाला मी काय ठोकून दाखवणार?

तेवढ्यात लीनहार्टनं गचांडी धरणाऱ्या दोघांना मांजराच्या पिल्लांसारखं बाजूला केलं. "माझीही साक्ष परत," तो म्हणाला. "बाई म्हणाली घंटेला सर्दी झालीय. घंटेला खरंच झाली होती. कानांनी ऐकलं ते सांगणं हा शाप असेल तर मला पण कोंडा."

आता एंड्रेसकडे एकही साक्षीदार उरला नाही. त्यानं ओठ चावले आणि घरात जाऊन एक कागद लिहून आणला. आमच्याकडे कैद्याला सोडताना शपथेचा कागद घेतात. त्यात लिहिलेलं असतं, मला पकडलं ते योग्यच होतं, मी त्याबद्दल कुणावर राग धरणार नाही, कुठे दाद मागणार नाही. खाली खूण केली की सुटका. सगळेच करतात. जीव वाचतो तर कोण नाही करणार?

आम्ही तळघराचं दार उघडलं. ओटिलिया उजेडात डोळे मिचकावत बाहेर आली. एंड्रेसनं कागद वाचून दाखवला आणि लेखणी पुढे केली.

"नाही," ती म्हणाली.

६

"ओटे, खूण कर," मी तिच्या कानात म्हटलं. "दोन रेघा आहेत फक्त. घरी चल."

"'योग्यच पकडलं' असं मी नाही लिहून देणार. आज मी लिहून दिलं तर पुढच्या बाईला पकडताना हाच कागद दाखवतील. बघा, ओटिलियाही म्हणाली होती, योग्यच होतं."

"मग कोठडीत जा," एंड्रेस म्हणाला. "उद्या गाडी येते. कागद नाही तर सुटका नाही."

"जाते." आणि ती स्वतःच तळघराच्या पायऱ्या उतरली. मी तिला इतक्या शिव्या घातल्या की ऐकणारे लाजले. मला वाटलं, आता ही नक्की गेली. मी रडलेसुद्धा, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शनिवारी सकाळी गाडी आली. दोन शिपाई आणि एक कंटाळलेला कारकून, बुटांवर चिखल. गाव पुन्हा झाडाखाली. ओटिलियाला बाहेर आणलं. कारकुनानं कागद उलगडला.

"आरोप काय, साक्षीदार कोण?"

एंड्रेस घसा खाकरत राहिला. ओटिलियाच पुढे झाली.

"साहेब, मी आहे ती. मला न्यायला आलात, न्या. मी पळत नाही आणि खूणही करत नाही. पण का नेता ते या लोकांनी माझ्या तोंडावर सांगावं. मी नदीवर यांच्याबरोबर कपडे धुते, यांची बाळं मी उचलून घेतलीत. सांगा ना! तू सांग, अॅग्नेस. तू सांग, लीनहार्ट. एंड्रेस, तू सांग, मी काय केलं?"

कुणी बोललं नाही. कारकुनानं मान वर करून एकेका चेहऱ्याकडे बघितलं. अॅग्नेसनं डोईच्या रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. फाइट बार्बेलला चाकं लावलेल्या खुर्चीत बसवून घेऊन आला होता, ती तेवढी रोखून बघत होती. पहिल्यांदाच असं झालं की आमच्या गावाच्या गप्प बसण्यानं एक बाई वाचत होती. नाहीतर आजवर आम्ही गप्प बसूनच बायका गाडीत चढवल्या होत्या, त्यात मीही होते.

"साक्षीदार नाही, तर मी काय लिहू?" कारकून वैतागला. "चार तास चिखलातून आलो आम्ही! पुढच्या वेळी पत्र लिहिताना विचार करा." एंड्रेसकडे बघत त्यानं कागद गुंडाळला. गाडी वळायला बराच वेळ लागला, कारण रस्ता अरुंद आणि बैल हट्टी. मग ती रिकामीच गेली.

एंड्रेसच्या हातात शपथेचा कागद तसाच होता. "निदान आता तरी खूण कर," तो हळूच म्हणाला. "नोंद अपुरी राहते."

"राहू दे अपुरी," ओटिलिया म्हणाली. "पुढे कुणी वाचलं तर विचारील, हिनं खूण का नाही केली म्हणून."

आणि ती वरच्या मळ्याकडे चालू लागली. तिथं गारांनी वेलींची नुसती खोडं ठेवली होती. मी तिच्या मागोमाग गेले. पाठोपाठ अॅग्नेस आली. मग लीनहार्ट, आडवा होऊन फाटकातून शिरत. खूप मागे, एका हातानं बार्बेलची खुर्ची ओढत, फाइट. ओटिलियानं मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि तुटलेल्या फांद्या कुठून छाटायला घ्यायच्या ते ती ओरडून सांगायला लागली.